उल्लेखांची संख्या व विद्येची योग्यता

संख्येचें माहात्म्य आपल्या काळांत फार वाढलें आहे. मुलगा कसा शिकतो असें विचारलें तर उत्तर मिळतें तें टक्क्यांत. पुस्तक कसें आहे असें विचारलें तर उत्तर मिळतें तें खपलेल्या प्रतींत. आणि अलीकडे तर एखाद्या शास्त्रज्ञाची योग्यता काय असें विचारलें, तरी उत्तर आंकड्यांतच मिळूं लागलें आहे. त्यानें निबंध किती प्रसिद्ध केले, व त्या निबंधांचा उल्लेख इतरांनीं आपापल्या निबंधांत किती वेळां केला, ह्या दोन संख्या सांगितल्या म्हणजे त्या मनुष्याविषयीं सांगण्यासारखें सर्व सांगून झालें, अशी समजूत विद्वानांच्या मंडळींतही रूढ होत चालली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, तिच्यांत ग्राह्य भाग कोणता व त्याज्य भाग कोणता, ह्याचा विचार शाळेच्या वार्षिक अंकांत करण्याचें कारण असें कीं, आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण उद्यां शास्त्राच्या मार्गाला लागतील, आणि बाकीचे सर्व, मातापित्यांसह, आजच गुणांच्या आंकड्यांखालीं वावरत आहेत. प्रश्न दोघांचाही एकच आहे.

प्रथम ही उल्लेखाची पद्धति काय आहे तें पाहूं. शास्त्रीय निबंध लिहिणारा मनुष्य आपण कोणाच्या कामावर उभे आहों तें आपल्या निबंधांत नमूद करतो. ही कृतज्ञतेची चाल आहे, व प्रामाणिकपणाचीही. कारण वाचकाला मूळ निबंध काढून पाहतां येतो व लेखकाचें म्हणणें पडताळतां येतें. हेच उल्लेख उलट्या बाजूनें शोधण्याची, म्हणजे अमुक एका निबंधाचा आधार पुढें कोणीं कोणीं घेतला हें पाहण्याची, युक्ति अमेरिकेंतील युजीन गारफील्ड ह्यांनीं १९५५ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत मांडली. कल्पना मूळची वकिलांची होती. तेथील वकील जुन्या निकालाचा आधार घेण्यापूर्वीं तो निकाल पुढील न्यायाधीशांनीं उचलून धरला कीं मोडीत काढला हें पाहण्यासाठीं शेपर्ड ह्यांची सूचि चाळीत असत. ती सूचि १८७३ पासून निघत होती. गारफील्ड ह्यांनीं शास्त्रांसाठीं तशीच सूचि १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत काढली. हेतु सरळ होता: विद्येच्या वाढत्या रानांत वाट सांपडावी. ह्या उपयोगाला कोणीही शहाणा मनुष्य नांव ठेवणार नाहीं.

पुढें ह्याच सूचींतून मोजमापें निघालीं. एखाद्या नियतकालिकानें मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षीं मिळालेले उल्लेख मोजावे व त्यांना त्या लेखांच्या संख्येनें भागावें, म्हणजे जो आंकडा येतो त्याला 'इंपॅक्ट फॅक्टर' म्हणतात. ग्रंथालयानें कोणतीं नियतकालिकें घ्यावीं हें ठरविण्याला तो सोयीचा होता. पण लोक त्यानें माणसेंही तोलूं लागले. २००५ सालीं होर्हे हिर्श ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें प्रत्येक संशोधकासाठीं 'एच-इंडेक्स' नांवाचा आंकडा सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेख झाला आहे, परंतु एकवीस निबंधांचा प्रत्येकीं एकवीस वेळां झालेला नाहीं, त्याचा एच-इंडेक्स वीस. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून एक उदाहरण सोडवावें. एका संशोधकानें जन्मभरांत तीनच निबंध लिहिले व प्रत्येकाचा उल्लेख हजार वेळां झाला. दुसऱ्यानें वीस लिहिले व प्रत्येकाचा उल्लेख वीस वेळां झाला. पहिल्याचे उल्लेख तीन हजार, दुसऱ्याचे चारशें; परंतु एच-इंडेक्स पहिल्याचा तीन व दुसऱ्याचा वीस! सूत्रांत चूक नाहीं. त्याला जें विचारलें तेंच त्यानें सांगितलें. 'ह्या दोघांत थोर कोण?' हा प्रश्न त्याला कोणीं विचारलाच नव्हता. तो आपण आपल्या मनानें त्याच्या गळ्यांत बांधला.

आतां हीं मापें ज्याच्या कामाला लावून पाहावीं असा एक पुरुष घेऊं. मेंदूचें शास्त्र आज ज्या पायावर उभें आहे तो पाया घालणाऱ्यांत सांतियागो रामोन इ काहाल ह्यांचें नांव पहिलें घ्यावें लागतें. स्पेनच्या उत्तर भागांतील पेतिया दे आरागोन नांवाच्या लहानशा खेड्यांत १ मे १८५२ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील वैद्य होते व मुलानेंही वैद्य व्हावें अशी त्यांची इच्छा होती. मुलाला मात्र चित्रें काढण्याचा नाद. खोडकरपणा तर असा कीं, अकराव्या वर्षीं घरीं बनविलेल्या तोफेनें शेजाऱ्याचा दरवाजा उडविल्याबद्दल त्याला तुरुंगाची हवा खावी लागली! वडिलांनीं त्याला कांहीं काळ न्हाव्याकडे व चांभाराकडेही उमेदवारीला ठेवलें. अखेरीस जुन्या दफनभूमींतून गोळा केलेलीं हाडें त्याच्यापुढें ठेवून वडिलांनीं त्याला शरीरशास्त्र शिकविण्यास आरंभ केला, आणि हाडांचीं चित्रें काढतां काढतां मुलाला त्या शास्त्राची गोडी लागली. १८७३ सालीं ते वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. सैन्याचे वैद्य म्हणून क्यूबा बेटावर गेले व तेथून हिवतापानें खंगून परत आले. सांठविलेल्या पैशांतून त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र घेतलें, आणि तेव्हांपासून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून कोणीही पुढील आयुष्याचा अंदाज केला असता तर तो सपशेल चुकला असता, त्या मुलाची ही कथा आहे.

त्या काळीं विद्वानांचें सामान्य मत असें होतें कीं, मेंदू म्हणजे तंतूंचें एक अखंड जाळें आहे. त्यांत एक पेशी कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते हें सांगतांच येत नाहीं. इटलींतील कामिल्लो गॉल्जी ह्यांनीं १८७३ सालीं रुप्याच्या क्षारानें मेंदूचे पातळ काप रंगविण्याची एक रीत शोधली होती. तिची खुबी अशी कीं, हजारों पेशींपैकीं थोड्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या आपल्या साऱ्या शाखांसह काळ्याभोर होऊन पिंवळट पार्श्वभूमीवर उठून दिसतात. गॉल्जी स्वतः अखंड जाळ्याच्याच मताचे होते. काहाल ह्यांनीं ही रीत प्रथम १८८७ सालीं माद्रिद येथें लुइस सिमारो ह्यांच्याकडे पाहिली. तिच्यांत त्यांनीं सुधारणा केली. एकदां रंगविलेला तुकडा ते पुन्हां रंगवीत. शिवाय प्रौढ प्राण्यांऐवजीं त्यांनीं पक्ष्यांचे व लहान प्राण्यांचे गर्भ घेतले. दाट रान समजून घ्यावयाचें तर झाडें रोपट्यांच्या अवस्थेंत असतांनाच पाहावीं, असा दृष्टांत त्यांनीं स्वतःच पुढें दिला आहे. ह्या तपासणींत त्यांना दिसून आलें कीं, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. तिच्या शाखा दुसरीला भिडतात, पण तिच्यांत विलीन होत नाहींत.

हा शोध त्यांनीं कोठें प्रसिद्ध केला? मे १८८८ मध्यें त्यांनीं बार्सेलोना येथें स्वतःचेंच एक त्रैमासिक काढलें. खर्च त्यांचा, लेख त्यांचे, चित्रें त्यांचीं. आणि प्रती छापल्या साठ! त्यांपैकीं बहुतेक त्यांनीं परदेशांतील शरीरशास्त्रज्ञांना धाडून दिल्या. घरीं वाढता संसार होता व अध्यापकाचा पगार बेताचा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या साठ प्रतींची किंमत कळते. परंतु जर्मनींत व फ्रान्सांत स्पॅनिश भाषा वाचणारे विद्वान फारसे नव्हते, व स्पेनांतून कांहीं नवें येईल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. अंक गेले, आणि बरेचसे न वाचतांच पडून राहिले.

अशा वेळीं हातपाय गाळून बसणाऱ्यांपैकीं काहाल नव्हते. ऑक्टोबर १८८९ मध्यें बर्लिन येथें जर्मन शरीरशास्त्रज्ञांची सभा होती. काहाल आपले रंगविलेले काप व आपलें सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन तेथें गेले. जर्मन त्यांना येत नव्हतें. मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेंत त्यांनीं एकेका विद्वानाला विनंति केली कीं, कृपा करून येथें डोळा लावून पाहावें. त्या सभेंत आल्बर्ट फोन केलिकर ह्यांच्याएवढ्या अधिकाराचा मनुष्य दुसरा नव्हता. वय बहात्तर वर्षांचें. ते वांकले, यंत्रांतून त्यांनीं पाहिलें, आणि त्यांची खात्री पटली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ह्या वृद्ध पंडितानें पुढें काहाल ह्यांचे लेख वाचतां यावे म्हणून स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला, असें सांगतात. १८९४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें काहाल ह्यांना क्रूनियन व्याख्यानासाठीं पाचारण केलें, आणि १९०६ सालीं नोबेल पारितोषिक त्यांना व गॉल्जींना मिळून देण्यांत आलें. त्या प्रसंगींही गॉल्जी ह्यांनीं आपल्या भाषणांत काहाल ह्यांच्या सिद्धांताचा विरोधच केला! पुढें १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकानें दोन मज्जापेशींमधील सूक्ष्म फट प्रत्यक्ष दाखविली, तेव्हां १९३४ सालीं निवर्तलेल्या काहाल ह्यांचें म्हणणें सर्वस्वीं सिद्ध झालें.

आतां कल्पना करा कीं, १८८९ च्या उन्हाळ्यांत, बर्लिनच्या सभेपूर्वीं, एखाद्या समितीनें आजच्या रीतीनें काहाल ह्यांची योग्यता ठरविण्याचें मनांत आणलें असतें. नियतकालिक कोणतें? स्वतःचें. प्रती किती? साठ. भाषा कोणती? जी विद्वान वाचीत नाहींत. दुसऱ्यांनीं केलेले उल्लेख? नांव घेण्यासारखे नाहींत. अशा अर्जदाराचा कागद समितीनें पहिल्याच फेरींत बाजूला सारला असता. आणि विशेष हें कीं, एकही आंकडा खोटा नसता. सर्व आंकडे खरे, व निर्णय सर्वथा चुकीचा! केलिकर ह्यांनीं काय केलें? त्यांनीं मोजलें नाहीं, त्यांनीं पाहिलें. माझ्या म्हणण्याचें सार एवढ्यांतच आहे.

ह्या कथेला आणखी एक पुरवणी आहे. स्वतंत्र मज्जापेशीला 'न्यूरॉन' हें नांव १८९१ सालीं बर्लिनच्या विल्हेल्म वाल्डायर ह्यांनीं, मुख्यतः इतरांच्या शोधांचा गोषवारा लिहितांना, दिलें. आणि नांव देणाऱ्याला त्या सिद्धांताची पुष्कळशी कीर्ति मिळाली. आज जगांत 'न्यूरॉन' हा शब्द असलेले असंख्य निबंध निघतात, पण त्यांपैकीं फारच थोड्यांत काहाल ह्यांच्या १८८८ च्या लेखाचा उल्लेख असतो. तसा करण्याची कोणाला गरजच वाटत नाहीं. जो शोध सर्वांचें सामान्य ज्ञान होऊन बसतो त्याचा उल्लेख बंद पडतो. ह्या गोष्टीकडे रॉबर्ट मर्टन ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें लक्ष वेधलें आहे. घराच्या भिंतींचें कौतुक सर्व करतात, पायाचे दगड कोणी मोजीत नाहीं.

दुसरें उदाहरण ह्याच्या नेमकें उलट आहे. जगांत सर्वांत अधिक वेळां ज्याचा उल्लेख झाला असा निबंध कोणता? २०१४ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकानें ही मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हां पहिला क्रमांक ऑलिव्हर लाऊरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५१ सालच्या निबंधाचा लागला. उल्लेखांची संख्या तीन लाखांहून अधिक! हे लाऊरी अमेरिकेंतील सेंट लुइस येथें मेंदूच्या रसायनाचा अभ्यास करीत. एका एकट्या मज्जापेशीचा तुकडा तोलतां येईल असा गारेच्या तंतूचा नाजूक कांटा त्यांनीं बनविला, व पेशींतील द्रव्यें मोजण्याच्या कामांत आयुष्य वेंचलें. परंतु तीन लाखांचा तो निबंध ह्या थोर कामाविषयीं नाहीं. एखाद्या द्रावणांत प्रथिन किती आहे तें मोजण्याची एक सुटसुटीत रीत त्यांत सांगितली आहे. ती प्रयोगशाळेंत नित्य लागते, म्हणून प्रत्येकजण तिचा उल्लेख करतो. हा निबंध कांहीं फार थोर नव्हे, हें लाऊरी स्वतः मोकळेपणानें सांगत. उपयोग मोठा, ह्यांत शंका नाहीं. पण उपयोग व थोरवी ह्या दोन वस्तु एकच आहेत असें मानणें म्हणजे स्वयंपाकघरांत पळी सर्वांत अधिक वेळां हातांत घेतली जाते, म्हणून तीच सर्वांत मोलाची वस्तु असें म्हणण्यासारखें आहे.

संख्या नेहमीं फसवितेच असें मात्र कोणीं समजूं नये. १९५७ सालीं शस्त्रवैद्य विल्यम स्कोव्हिल व मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर ह्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. अपस्माराच्या झटक्यांसाठीं १९५३ सालीं मेंदूचा आंतला कांहीं भाग काढून टाकलेल्या एका तरुणाला नवी कोणतीही गोष्ट स्मरणांत ठेवतां येईना. बुद्धि व बोलणें मात्र शाबूत होतें. मिल्नरबाई मॉन्ट्रियलहून पुन्हांपुन्हां प्रवास करून त्याला भेटत व परीक्षा घेत. आणि दर भेटींत तो त्यांना प्रथमच भेटल्याप्रमाणें वागे. पुढें त्यांनीं दाखवून दिलें कीं, आरशांत पाहून आकृति गिरविण्याचें कसब त्याला दिवसेंदिवस येत गेलें, पण आपण हें पूर्वीं केलें आहे ह्याची त्याला आठवण नसे. म्हणजे हाताची स्मृति व प्रसंगाची स्मृति मेंदूंत निरनिराळ्या ठिकाणीं राहतात. ह्या निबंधाचा उल्लेख हजारों वेळां झाला आहे, व तो तितक्या मानाला पात्रही आहे. परंतु तो पात्र आहे हें आपणांस कसें कळलें? एका रोग्याजवळ वर्षानुवर्षें धीरानें बसणाऱ्या त्या बाईंचें काम वाचून, संख्येवरून नव्हे. संख्येनें फार तर 'इकडे पाहा' असें बोट दाखविलें.

आणि तें बोट खोट्या दिशेलाही वळूं शकतें. २००६ सालीं 'नेचर'मध्येंच स्मृतिभ्रंशाच्या रोगाविषयीं एक निबंध छापला गेला. एका विशिष्ट प्रथिनामुळें उंदरांची स्मृति नष्ट होते, असें त्याचें प्रतिपादन होतें. नियतकालिक जगांत पहिल्या प्रतीचें. उल्लेख दोन हजारांहून अधिक. २०२२ सालीं त्यांतील चित्रांविषयीं जाहीर शंका निघाली, व २०२४ सालीं चित्रांत फेरफार झाल्याच्या कारणावरून तो निबंध मागें घेण्यांत आला. मधल्या अठरा वर्षांत किती संशोधकांचे श्रम व किती रोग्यांच्या आशा त्या वाटेनें गेल्या असतील! 'नांव मोठें, लक्षण खोटें' ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते. दोन हजार जणांनीं उल्लेख केला म्हणजे दोन हजार जणांनीं पडताळून पाहिलें असें नव्हे. पुष्कळांनीं इतरांनीं केला म्हणून केला.

ह्या शेवटल्या गोष्टीलाही विद्वानांनीं नांव दिलें आहे, आणि तें नांव आपल्या पवित्र शास्त्रांतून घेतलें आहे. ज्याचें नांव आधींच झालें आहे त्याच्याच पदरांत नवी कीर्ति पडते व अप्रसिद्ध मनुष्याचें तितकेंच चांगलें काम झांकलें जातें, ह्या प्रकाराला वर सांगितलेल्या मर्टन ह्यांनीं १९६८ सालीं 'मत्तयाचा परिणाम' असें म्हटलें. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळेल, अशा अर्थाचें जें वचन मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे त्यावरून हें नांव पडलें. परंतु हें वचन कोणत्या दाखल्याच्या शेवटीं येतें तें आठवावें. धन्यानें एका दासाला पांच रुपयांच्या थैल्या दिल्या, दुसऱ्याला दोन. दोघांनींही दुप्पट केल्या. आणि धन्यानें पांचवाल्याला जी शाबासकी दिली तीच, त्याच शब्दांत, दोनवाल्यालाही दिली. तेथें रकमेची तुलना झालीच नाहीं. विश्वासूपणा तेवढा पाहिला गेला. जगाच्या बाजारांत वचनाचा पहिला भाग चालतो, दुसरा विसरला जातो.

मोजणी हीच पापमूलक आहे असेंही मला म्हणावयाचें नाहीं. शास्त्रांत 'गणना' नांवाचें एक संपूर्ण पुस्तक आहे. परंतु दावीद राजानें सेनापति यवाब नको म्हणत असतां लोकांची मोजदाद करविली, ती मात्र दोषास्पद ठरली. कारण पहिली मोजणी व्यवस्थेसाठीं होती, दुसरी अहंकारासाठीं. मोजण्यांत दोष नाहीं. संख्येवर भिस्त टाकण्यांत आहे.

ही भिस्त किती महाग पडते तें आपल्याच देशांत दिसून आलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालच्या नियमांनीं महाविद्यालयांतील अध्यापकांच्या नेमणुकीसाठीं व बढतीसाठीं प्रसिद्ध निबंधांना गुण देण्याची पद्धति घातली. हेतु चांगला होता. अध्यापकांनीं संशोधन करावें. परिणाम काय झाला? पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें जागोजागीं उगवलीं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील अभ्यासकांनीं विद्यापीठांच्या शिफारशीनें मान्य यादींत शिरलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी करून २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें असा निष्कर्ष मांडला कीं, त्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीचीं असावीं. पुढें निवडक नियतकालिकांची नवी यादी झाली, व २०२५ सालीं आयोगानें तीही बंद केली. माप हेंच ध्येय झालें म्हणजे तें माप म्हणून निरुपयोगी होतें. झाड फळावरून ओळखावें हें खरें. पण फळें मोजूनच बक्षीस मिळणार असें जाहीर झालें, तर फांद्यांना फळें बांधणारे माळी निघतातच.

येथें एक रास्त आक्षेप येतो. 'संख्या टाकून दिली, तर वशिला माजेल. ज्याचा मामा समितींत त्याची वर्णी लागेल. संख्या निदान निःपक्षपाती तरी आहे.' हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. गरीब घरच्या मुलाला, परक्या गांवाच्या मनुष्याला, आणि जिला कोणी पुढें येऊं देत नाहीं अशा स्त्रीला, उघड्या आंकड्यानें अनेकदां न्याय मिळवून दिला आहे. शालान्त परीक्षेच्या गुणांनीं ज्यांचें दैव उघडलें असे किती तरी तरुण आपल्या डोळ्यांपुढें आहेत. म्हणून संख्या काढून टाकावी असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करावें, न्यायासनावर बसवूं नये. साक्षीदार निःपक्षपाती असला तरी त्याची उलटतपासणी घ्यावीच लागते: तूं काय पाहिलेंस, काय पाहिलें नाहींस, तुला कोणीं पढविलें तर नाहीं ना? जगांतील शास्त्रज्ञांनाही हें पटूं लागलें आहे. डिसेंबर २०१२ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें जमलेल्या संपादकांनीं व संशोधकांनीं तयार केलेल्या जाहीरनाम्यांत, मनुष्याची पारख नियतकालिकाच्या आंकड्यावरून न करतां त्याच्या कामावरून करावी असें सांगितलें. आणि २०१५ सालच्या लायडन जाहीरनाम्यांतही संख्येनें जाणत्यांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊं नये, हें पहिलेंच तत्त्व आहे.

आतां विद्यार्थिमित्रांनो, ह्यांतून तुम्हीं काय घ्यावें? पहिलें हें कीं, ज्याच्यापासून शिकलां त्याचें नांव सांगण्याची संवय आतांच लावून घ्या. विज्ञानाच्या वहींत मित्राची आकृति उतरवून खालीं आपलें नांव घालणें व मोठ्या संशोधकानें दुसऱ्याचा शोध आपला म्हणून मिरविणें ह्यांत जातीचा फरक नाहीं, फक्त वयाचा आहे. दुसरें हें कीं, कोणीं यंत्राला डोळा लावून पाहिलें तरी लाज वाटणार नाहीं असें काम करा. दिसावयाला वही सुंदर आणि आंत उदाहरण गाळलेलें, असें नको. तिसरें हें कीं, चांगलें काम करून घरांत बसूं नका. काहाल ह्यांनीं स्वभाषेंत लिहिलें, हें उत्तम केलें. पण तेवढ्यावर न थांबतां फ्रेंच भाषेंतही लिहिलें, आणि यंत्र घेऊन बर्लिन गांठलें. मराठीवर प्रेम करणाऱ्या मुलांनीं हे दोन्ही धडे एकत्र शिकावे. आपलें सत्य दुसऱ्याच्या दाराशीं नेण्यांत कमीपणा नाहीं.

पालकांस माझी विनंति आहे ती अशी. सहामाहीचा निकाल घरीं आला म्हणजे प्रथम एकूण बेरीज व शेजारच्या मुलाची बेरीज ह्यांची तुलना होते, आणि बहुतेक घरांत चौकशी तेथेंच संपते. त्याऐवजीं एक दिवस मुलाला जवळ बसवून त्याची वही उघडावी, व 'ह्यांतलें तुला खरोखर काय समजलें तें मला सांग' असें म्हणावें. आईबाप फार शिकलेले नसले तरी हरकत नाहीं; ज्या मुलाला समजलें आहे तो न शिकलेल्यालाही समजावून सांगूं शकतो, आणि ज्याला समजलें नाहीं त्याची गडबड निरक्षर आईच्याही ध्यानांत येते. पंचेचाळीस गुणांच्या मुलांत एखादा चित्रें काढणारा, दरवाजे फोडणारा काहाल असूं शकेल. आणि पंचाण्णवाच्या मुलांत केवळ पाठांतर असूं शकेल. उलटही असूं शकेल. पंचाण्णवाचा मुलगा खरोखरच तेजस्वी असेल व पंचेचाळिसाचा केवळ आळशी. कोणता प्रकार आहे तें पाहिल्यावांचून कळत नाहीं. शिक्षकांवरही हेंच बंधन आहे. उत्तरपत्रिकेवर आंकडा लिहून आमचें काम संपत नाहीं, तो आंकडा कां पडला हें मुलाला कळेपर्यंत तें अपुरेंच असतें.

पाहण्याला वेळ लागतो, मोजण्याला लागत नाहीं. म्हणूनच घाईच्या ह्या काळांत लोक मोजणें पत्करतात. दानपेटीसमोर बसलेल्या प्रभूनें श्रीमंतांच्या मोठ्या रकमा पाहिल्या व विधवेच्या दोन टोल्याही पाहिल्या. आणि बेरजेनें जी सर्वांत लहान होती तीच देणगी सर्वांत मोठी ठरविली. ती रक्कम त्यालाही ठाऊक होती. पण त्याची दृष्टि रकमेवर थांबली नाहीं, देणारीपर्यंत पोंचली. आपल्या घरांत, आपल्या शाळेंत व उद्यां आपल्या प्रयोगशाळांत, आंकड्यापलीकडे जाऊन मनुष्याच्या कामापर्यंत पोंचणारी ही दृष्टि आपणांस लाभो.